चारशे वर्षांच्या घराला पॉलिश

टोनी तुस्कानोला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या ऑफिसच्या दाराला शिव्या घालत होता. दार नवीन होतं, दुसऱ्या कुणी बसवलेलं, आणि त्याच्या पॉलिशमध्ये याला ब्रशचा एक केस चिकटलेला सापडला होता. तो केस नखाने खरवडत टोनी दाराला म्हणत होता, "तुला पॉलिश मारणाऱ्याने आधी स्वतःच्या डोळ्यांना मारून घ्यायला पाहिजे होतं."

मी नाशिकची. माझं डोकं तापायला सकाळी फारसं कारण लागत नाही. मी म्हटलं, "काका, भांडून झालं असेल तर आत जाऊ द्या." त्याने माझ्याकडे न बघताच दार ढकलून धरलं. "जा. पण बाय, हात लावू नको, डाग पडतो."

दोहातली आमची कंपनी लाकूडकामाची. मी तिथे डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे मराठीत सांगायचं तर सगळ्यांचे कागद सांभाळणारी आणि सगळ्यांची बोलणी खाणारी. टोनीकाका पॉलिशचा फोरमन. मूळचा वसईकडच्या गिरीजचा. त्याचा बाप चर्चचे बाक करायचा आणि शवपेट्या. "बाप काय पॉलिश मारायचा!" टोनीकाका सांगायचा. "मयताला आलेले लोक पेटीत बघून केस विंचरायचे!" तिथे तो शिकला, आणि एकच धर्म शिकला: लाकडात तोंड दिसलं पाहिजे. ज्यात तोंड दिसत नाही ते लाकूड नाही, ते सरपण.

हा धर्म तो स्वतःच्या अंगावरही पाळायचा. बूट चकचकीत, कपाळ चकचकीत आणि केस काळेकुळकुळीत. दर गुरुवारी संध्याकाळी कलप लावायचा. साठीला आला होता आणि सांगायचा पन्नास. आपल्या हातासारखा हात कतारमध्ये नाही, हे तो दिवसातून दोनदा सांगायचा, आणि कुणी ऐकायला नसलं तर मला सांगायचा.

आता त्याच्या संसाराचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच उभं आहे. लग्न झालं आणि वर्षाच्या आत हा आखातात आला. बायको जसिंता, नर्स, वसईतच राहिली. आधी पीसीओवरून, मग मोबाईलवरून, मग व्हिडिओ कॉलवरून यांचा संसार झाला. मुलगी जेनिफर झाली, मोठी झाली, डॉक्टरकी शिकायला लागली, आणि बाप तिला दोन वर्षांतून एकदा एअरपोर्टवर भेटायचा. शेवटी फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या चार वर्षं आधी जसिंताताईला दोहात एका दवाखान्याच्या बाळंतिणींच्या विभागात नोकरी मिळाली आणि नजमा भागात दोघांनी दोन खोल्यांचं घर केलं. वीस-बावीस वर्षांनी एका ताटात जेवायला लागले. भांडायचे म्हणजे किती भांडायचे! खाली चहावाल्याला वरचं सगळं ऐकू यायचं. पण टोनीकाका डबा उघडताना वास घेऊन असा हसायचा की मला माझ्या नवऱ्याचा राग यायचा.

आणि मेख इथेच होती. आमच्या कंपनीत साठीनंतर कुणाला ठेवत नसत. एखाद्या ग्राहकाने 'मला हाच माणूस पाहिजे' म्हटलं तरच व्हिसा वाढायचा. टोनीकाकाला जूनमध्ये साठ वर्षं पूर्ण होत होती. जसिंताताईचा करार अजून दोन वर्षांचा होता. मध्येच सोडला तर हातात काही पडणार नव्हतं आणि जेनिफरचं शिक्षण अर्ध्यावर होतं. तिच्या नोकरीवर नवऱ्याचा व्हिसा होत नव्हता. म्हणजे तो वसईला, ती दोहात, पुन्हा फोन. जसिंताताई मला एकदा सरळ म्हणाली होती, "आसावरी, तरुणपणी मी एकटी जेवले. आता नाही जेवणार. घास उतरत नाही गं." त्यानंतर ती उठून भांडी आपटायला लागली होती.

तर वर्ल्ड कपचं वर्ष. सगळं दोहा घाईत होतं. रस्ते आज इथे तर उद्या तिथे. माझा कैवल्य शाळेतून आला की म्हणायचा, "मम्मा, दे मूव्हड द रोड अगेन." मी मराठीत विचारायचे, तो इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचा, आणि रस्ता दोघांनाही सापडायचा नाही.

अशात आमच्याकडे एक अजब काम आलं. अल रय्यानचा एक कतारी मालक, सगळे त्याला अरबाब म्हणायचे. तो तरुणपणी इंग्लंडमध्ये शिकायला होता आणि एका शेतकऱ्याच्या जुन्या घरात राहायचा. इंग्लिश प्रेक्षक येणार, तर त्यांना तसल्याच घरात बसवून जेवायला घालायचं, असं त्याच्या मनाने घेतलं. नक्कल नको, खरंच घर पाहिजे. तिकडे एक चारशे वर्षांचं शेतघर नव्या रस्त्याच्या आड येत होतं. अरबाबने त्याचा लाकडी सांगाडा विकत घेतला. तो सोडवून, कंटेनरमध्ये भरून, जहाजाने इकडे निघाला.

आमचे प्रोजेक्ट मॅनेजर विजय सर, पुण्याचे, मीटिंगमध्ये समजावत होते. "या घरात लोखंडाचा खिळा नाही. सगळं ओक लाकूड. खांब, तुळया, तिरके आधार. एकाला खाच, दुसऱ्याला जीभ. जीभ खाचेत घालायची आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. मधल्या चौकटींत काठ्या विणायच्या आणि त्यावर माती, पेंढा आणि शेण लिंपायचं."

"शेण?" टोनीकाका उभाच राहिला. "सर, हा तर कूड! आमच्या आजाचं कुडाचं घर होतं. बापाने पाडलं आणि सिमेंटचं बांधलं, कारण पाहुणे हसायचे! आणि हे लोक बोटीने कूड मागवतात? सायबा माझ्या!" आणि हा माणूस जो हसायला लागला तो थांबेचना. नेमकं तेव्हाच विजय सर महत्त्वाचं सांगत होते: प्रत्येक लाकडाला नंबराचा टॅग बांधलेला आहे आणि तेच नंबर ड्रॉइंगवर आहेत. शिवाय त्या काळच्या सुतारांनी सांध्यांवर हत्याराने खुणा कोरल्यात, रेघा आणि फुल्या. खांबावर जी खूण, तीच त्यात बसणाऱ्या तुळईवर. खुणा जुळवायच्या की घर उभं. टोनीकाका डोळे पुसत होता. त्याने यातलं अक्षर ऐकलं नाही.

कंटेनर आला रमजानच्या शेवटी. बिरकत अल अवामेरला आमची शेड आहे, तिथे तो उतरवला. इंग्लंडहून एक तज्ज्ञ यायचा होता, जुन्या लाकूडकामाचा जाणकार. त्याचं आडनाव कुणाच्या जिभेवर बसेना म्हणून आम्ही त्याला ओकसाहेब म्हणायचो. विजय सर ईदच्या सुट्टीला पुण्याला जाताना बजावून गेले, "ओकसाहेब येईपर्यंत लाकडांना कुणी हात लावायचा नाही. टोनी, हे काम नीट झालं तर अरबाबकडे मी तुझ्यासाठी शब्द टाकीन. देखभालीला त्याला माणूस लागणारच." टोनीकाकाने मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

ईदची सुट्टी संपली आणि मी मालाची पाहणी लिहून घ्यायला शेडवर गेले. नसरुद्दीन, आमचा फोर्कलिफ्टवाला, दारातच उभा होता. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "मॅडम, अंदर मत जाओ. आँख दुखेगी." मी आत गेले.

अख्खी शेड चमकत होती. मी सुट्टीआधी पाहिलेली काळी, ओबडधोबड, भेगाळलेली, भोकाभोकांची लाकडं कुठेच नव्हती. त्यांच्या जागी मधाच्या रंगाच्या, गुळगुळीत, लखलखीत तुळया ओळीने मांडलेल्या. मला एका खांबात माझं तोंड दिसलं. तोंड उघडं होतं.

टोनीकाका कमरेवर हात ठेवून उभा होता. मागे मुनाफ, त्याचा पॉलिशवाला, हातात फडकं घेऊन. "कसं?" टोनीकाका म्हणाला. "सुट्टीत घरी गेलो नाही. मुनाफला पण जाऊ दिलं नाही. आसावरीबाय, काय अवस्था होती बिचाऱ्यांची! चारशे वर्षांत कुणी एक हात मारला नाही. किड्यांची भोकं, मेणबत्तीने जाळलेले डाग, कुणा पोराने कंपासने काढलेली फुलं. सगळं बुजवलं, वर मधाच्या रंगाचा लेप दिला. घासलं. चार कोट मारले. आता साहेब येऊ दे, अरबाब येऊ दे. बघतो मला कोण घरी पाठवतो!"

"हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"ते मुनाफला. मला नाही."

मी अगदी हळू विचारलं, "काका, टॅग कुठे आहेत?"

"आहेत ना! मी काय वेडा आहे, फेकायला?" त्याने अभिमानाने बिस्किटांचा एक गोल पत्र्याचा डबा आणला आणि झाकण उघडलं. आत सगळे टॅग. नीट पुसलेले. चळतीने लावलेले. "टॅग ठेवून पॉलिश कसं मारणार? खाली गोल डाग राहतो."

"आणि लाकडांवरच्या रेघा? फुल्या? सांध्यांवर कोरलेल्या?"

"ओरखडे?" तो म्हणाला. "ते पहिल्यांदा बुजवले."

माझ्या पायाखालची वाळू सरकली, आणि दोहात पायाखाली वाळूच असते. मग मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नाशिकचं सगळं काढलं. त्याला खुणांचं सांगितलं, टॅगचं सांगितलं, ड्रॉइंगवर नंबर आहेत पण लाकडांवर काही नाही म्हणजे काय ते सांगितलं. ऐकता ऐकता टोनीकाकाच्या चेहऱ्याचं पॉलिश उतरत गेलं. तो एका तुळईवर बसला, मग डाग पडेल म्हणून उठला आणि जमिनीवर बसला.

"म्हणजे आता हे घर उभं नाही राहणार?"

"कशाला कुठे लावणार? दीडेकशे लाकडं आहेत!"

"आणि मग मी..." तो बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावायला लागला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. राहायला मिळावं म्हणून या माणसाने आपल्याच हाताने जायची सोय केली होती. माझा राग तिथेच विरला, आणि राग गेला की मला काही सुचत नाही, ही माझी अडचण आहे.

विजय सरांना कळवलं नाही. ते पुण्यातून फोनवर उंटावरून शेळ्या हाकत होतेच, "सगळं ठीक ना?" मी "इन्शाल्ला" म्हणत होते. कळवलं असतं तर टोनीकाकाचं तिकीट त्याच दिवशी निघालं असतं. ते आणि ओकसाहेब आठवड्याभरात येणार होते.

संध्याकाळी मी टोनीकाकाला नजमाला सोडलं आणि वर गेले, कारण तो एकटा सांगणार नाही हे मला माहीत होतं. जसिंताताई ड्युटीवरून येऊन मासे तळत होती. मी सांगितलं. तिने गॅस बंद केला, झारा खाली ठेवला आणि नवऱ्याला असं फैलावर घेतलं की खालच्या चहावाल्याने टीव्हीचा आवाज बंद केला असणार. "तुला कुणी सांगितलं होतं? कुणी? माझ्या सासऱ्यांनी मेलेल्यांना पॉलिश मारलं, निदान ते उठून तक्रार करत नव्हते! दोन वर्षं मागत होते मी देवाकडे, दोनच! ती पण घासून टाकलीस!" आणि ती रडायला लागली. टोनीकाका खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मग तिने नाक पुसलं आणि मला विचारलं, "ती लाकडं सगळी एकसारखी आहेत का? मापात कापलेली?"

"नाहीत. हाताने केलेली. ड्रॉइंगवर लिहिलंय, प्रत्येक जीभ तिच्या तिच्या खाचेपुरतीच कापलेली."

"मग रडतेस काय?" (रडत ती होती.) "आमच्या वॉर्डात बाळाच्या पायाचा टॅग निघाला तर काय बाळ फेकून देतो? आईजवळ नेतो. एकेक करून बसवून बघा. ज्याचं त्याला लागेल."

"दीडशे लाकडं, जसिंता," टोनीकाका म्हणाला.

"तुला वेळ आहे. जूननंतर तर वेळच वेळ आहे."

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. सकाळी ती डबे घेऊन शेडवर हजर. मी घरून कांदेपोहे केले होते, कारण आज हाच कार्यक्रम होता: या खांबाला ही तुळई पसंत आहे का बघायचं. नसरुद्दीनने फोर्कलिफ्टने लाकूड आणायचं, मुनाफ आणि दोन पोरांनी धरायचं, टोनीकाकाने जीभ खाचेला लावायची, आणि मी ड्रॉइंग घेऊन बसायचं. बसली की डब्यातून तो नंबर शोधून टॅग बांधायचा. एकेक भिंत जमिनीवर आडवी रचत जायचं.

तुम्हाला सांगते, माणसांची लग्नं सोपी. एक जीभ आत जायची आणि अर्ध्यात अडायची. एक सैल. एक अगदी नीट बसायची, सगळे टाळ्या वाजवायचे, आणि खुंटीची भोकंच जुळायची नाहीत. "खलास," मुनाफ म्हणायचा, "ये रिश्ता नहीं होगा," आणि लाकूड परत. टोनीकाका प्रत्येक वेळी लाकडाला दोष द्यायचा. "मेल्याचा स्वभावच वाकडा."

पण कोपऱ्याच्या मोठ्या खांबांपाशी गाडं पार अडलं. एकही तुळई त्यांना घेईना. दोन दिवस गेले. या खांबांचं एक टोक जाड, एक बारीक. टोनीकाकाने जाड टोक जमिनीकडे धरलं होतं. मी म्हटलं, "काका, ड्रॉइंगमध्ये जाड टोक वर दाखवलंय."

"चुकलंय. बुंधा खाली, शेंडा वर. देवाची रीत आहे. झाड कधी डोक्यावर उभं बघितलंस?"

"अहो, पण कागद..."

"कागद काढणारा डावखुरा असेल."

आणि असं म्हणत त्याने पटाशी उचलली. जीभ थोडी तासली की बसेल, म्हणाला. जसिंताताई तेव्हा ड्युटीवरून येऊन डबा उघडत होती. ती तशीच उठली आणि त्याच्या हातातून पटाशी हिसकावून घेतली. "बुजवलंस, घासलंस, आता कापतोस? जे बसत नाही ते कापायचं नाही, टोनी. मला तू बसत नव्हतास, मी कापलं का तुला? उलटं कर ते."

"जसिंता, झाड..."

"उलटं कर!"

नसरुद्दीनने खांब उलटा फिरवला. जाड टोक वर. तुळई लावली. ठप्प असा एक आवाज आला आणि ती आत जाऊन बसली. त्याच जाड टोकावर दुसरी, आडवी, तीही बसली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन मोठ्या तुळया एकाच खांबावर टेकवायच्या तर वर रुंदी पाहिजे, म्हणून त्या चारशे वर्षांपूर्वीच्या सुतारांनी मुद्दाम झाडं उलटी उभी केली होती. टोनीकाकाने त्या सांध्यावरून अंगठा फिरवला. "हुशार होते," तो शेवटी म्हणाला. "पॉलिश येत नव्हतं, पण हुशार होते." दुसऱ्या कुणाला हुशार म्हणताना मी त्याला तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर गाडी सुटली. ओकसाहेब यायच्या आदल्या संध्याकाळी बिस्किटांचा डबा रिकामा झाला. अख्खं घर भिंती-भिंतींनी शेडच्या जमिनीवर आडवं पसरलं होतं, प्रत्येक लाकडाला त्याचा नंबर. फक्त झगमगत होतं. त्याला इलाज नव्हता.

सकाळी गाड्या आल्या. विजय सर, ओकसाहेब आणि खुद्द अरबाब. विजय सर आत आले आणि त्यांनी डोळ्यांवर हात धरला. अरबाब मात्र खूश. एका तुळईवर वाकून त्याने स्वतःचं प्रतिबिंब बघितलं, डोक्यावरचं गुत्रा नीट केलं आणि म्हणाला, "माशाल्ला!" टोनीकाकाची छाती फुगली. मी मनात म्हटलं, चला, वाचलो.

मग ओकसाहेब गुडघ्यावर बसला. उंच, पांढऱ्या दाढीचा, शांत माणूस. त्याने सांध्यावरून बोट फिरवलं. खूण शोधत होता. दुसऱ्या सांध्यावर फिरवलं. तिसऱ्या. चेहरा पांढराफटक पडत गेला. त्याने आमच्याकडे बघून विचारलं, हे कुणी केलं?

टोनीकाका माझ्याकडे बघू शकला असता, मुनाफकडे बोट दाखवू शकला असता. तो पुढे झाला आणि म्हणाला, "मी सर. ओन्ली मी." त्याला आपलं विमान दिसत असणार. मला तर दिसतच होतं.

ओकसाहेब ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अरबाबला समजावून सांगायला लागला. सांगाडा बरोबर जुळवलाय, खुणांशिवाय कसा जुळवला देव जाणे. घर वेळेत उभं राहील, पाहुणे जेवतील. पण हे पॉलिश लाकडाचा श्वास कोंडतं आणि ते सगळं उतरवायलाच पाहिजे, नाहीतर तो या घराशी आपलं नाव जोडणार नाही. त्या खुणा सुतारांच्या होत्या, आणि ते जळके डाग, ती कंपासची फुलं घरातल्या लोकांनी नजर लागू नये म्हणून काढलेली होती; ते सगळं परत वर यायला हवं. मशीन चालणार नाही, पॉलिशपेपर चालणार नाही. कापूस, मऊ ब्रश आणि सुई. बोटा-बोटाने, उभ्या घरात, पाहुणे नसतील तेव्हा.

"किती दिवस?" अरबाबने विचारलं.

"एका माणसाला दोन वर्षं," ओकसाहेब म्हणाला. "आणि कुठे काय भरलंय, किती थर मारलेत, हे ज्याने केलं त्यालाच माहीत."

अरबाबने टोनीकाकाकडे बोट केलं. "मग हाच. ज्याने लावलं तोच काढेल. संपेपर्यंत हा कुठेही जाणार नाही."

विजय सर चाचरले, "सर, याचा व्हिसा जूनमध्ये..."

"ते मी बघतो. खलास."

मला वाटलं मी आता ओरडेन. दोन वर्षं! जसिंताताईने मागितली होती तेवढीच, मोजून! आणि त्याच क्षणी टोनी तुस्कानो छाती पुढे काढून इंग्लिशमध्ये बोलायला लागला. "सर, टू इयर्स? व्हाय टू इयर्स? माय हँड व्हेरी फास्ट, सर. आय विल फिनिश इन थ्री मंथ्स!"

दैव देतं आणि कर्म नेतं, पण इतक्या लगेच नेताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी पूर्ण जोर लावून त्याच्या पायावर पाय दिला. त्याच्या बुटात पुढे लोखंड होतं. त्याला कळलंसुद्धा नाही. तो पुन्हा म्हणाला, "थ्री मंथ्स, सर! चॅलेंज!" मग मी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो पुढचं वाक्य कळवळून गिळून बसला.

"ही मीन्स," मी हसऱ्या चेहऱ्याने म्हटलं, "थ्री मंथ्स पर वॉल, सर."

विजय सरांनी माझ्याकडे बघितलं. मग जमिनीवरच्या आठ भिंतींकडे बघितलं. पुणेकर माणूस, हिशेब पटकन झाला. "करेक्ट," ते म्हणाले. "पर वॉल."

गाड्या गेल्यावर टोनीकाका माझ्यावर असा उखडला! "मला स्लो म्हणालीस? सगळ्यांसमोर? तीस वर्षांची इज्जत घालवलीस!"

"काका," मी म्हटलं, "आज मे आहे. दोन वर्षांनी कुठला महिना येतो? जसिंताताईचा करार कधी संपतो?" तो बोटांवर मोजायला लागला. मोजता मोजता थांबला. मग खिशातून फडकं काढून विनाकारण एक खांब पुसायला लागला. मी बाहेर जाऊन गाडीत बसले. मलाही डोळे पुसायचे होते.

जसिंताताईला त्याने रात्रीच्या जेवणाला सांगितलं असं मला कळलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "हळू घास, टोनी. जन्मात एकदा हळू घास."

घर उभं राहिलं. नोव्हेंबरात इंग्लिश प्रेक्षक आले, जेवले, नाचले, तुळयांत बघून तोंडावरचे झेंडे रंगवत बसले. आम्हीही गेलो. कैवल्यला मी मराठीत सांगितलं की या घराला एक खिळा नाही, आणि तो चक्क मराठीत म्हणाला, "मग पडत कसं नाही?" सकाळी पाहुणे यायच्या आधी टोनीकाका शिडीवर बसून सुईने भोकं उकरायचा. हळूहळू एकेक रेघ, एकेक फुली वर यायला लागली. घर पुन्हा काळं, खडबडीत होत गेलं, आणि हा रोज कुरकुरायचा की अशी विद्रूप करणी बापाने बघितली असती तर त्याने घरात घेतलं नसतं. कलप मात्र त्याने त्याच काळात सोडला. जसिंताताई म्हणाली होती, सगळ्यांचं उतरवतोयस तर आपलंही उतरव.

दोन वर्षांनी मे महिन्यात सगळं घर झालं होतं, फक्त चुलीवरच्या मोठ्या तुळईचं एक टोक राहिलं होतं. तळहाताएवढं. ते काही संपेना. अरबाबचा माणूस विचारायचा, टोनीकाका म्हणायचा, "व्हेरी डिफिकल्ट कॉर्नर, सर." मी एकदा बघितलं. मला त्यात डिफिकल्ट काही दिसलं नाही.

महिनाअखेरीस जसिंताताईची शेवटची ड्युटी होती. ती युनिफॉर्ममध्येच टॅक्सीने थेट तिथे आली. मी निरोपाचा केक घेऊन आधीच पोचले होते. टोनीकाका स्टुलावर, हातात कापूस, पांढरं डोकं तुळईला टेकलेलं. तिने पर्स खाली ठेवली, त्याच्या हातातून कापूस घेतला आणि ते उरलेलं टोक स्वतः पुसून काढलं. खाली एक फुली आणि दोन रेघा निघाल्या. शेजारच्या खांबावर तशीच एक फुली आणि दोन रेघा होत्या.

"झालं," ती म्हणाली. "चल आता. यल्ला."

टोनीकाका त्या काळ्या लाकडाकडे बघत राहिला. "तोंड दिसत नाही यात," तो कुरकुरला.

"मी समोर उभी आहे ना," जसिंताताई म्हणाली. "माझं बघ."